सोनूबाईचा पाला आणि मथुरेची प्लेट

मथुरा कुणाला घाबरायची नाही, हे मी आधीच सांगून टाकते. साहेबाला नाही, जंतूंना नाही, आणि कॉलेजात नाक मुरडणाऱ्या पोरींना तर मुळीच नाही. वर्सोव्याच्या, म्हणजे त्यांच्या बोलीत वेसाव्याच्या, कोळीवाड्यातली ती पहिली बी.एस्सी. वर्गात ती शेजारी येऊन बसली की काही नाजूक बायका पदर नाकाला लावायच्या. एकीला तिनं सगळ्या वर्गासमोर विचारलं, "मासळीचा वास येतो ना? मग रविवारी घरी ये. नुसता वास घेऊन उपाशी कशाला राहतेस?" ती पोरगी खरंच गेली, बोंबील खाऊन आली आणि पुढं लग्नापर्यंत दर महिन्याला जात राहिली.

मी प्रेमा. जोगेश्वरीची. मरोळच्या बाजूला एका औषध कंपनीची लॅबोरेटरी होती, तिथं आम्ही दोघी एका टेबलावर. मथुरा चौसष्ट साली लागली, मी तिच्या मागून दोन वर्षांनी. माझं काम जंतूंचा स्वयंपाक करायचं. हसू नका, खरंच. मांसाचा अर्क आणि अगर नावाची समुद्रशेवाळाची भुकटी उकळायची, मोठ्या कुकरसारख्या यंत्रात वाफवायचं आणि काचेच्या प्लेटींत ओतून थिजवायचं. त्यावर जंतू पेरायची मथुरा. जेवायला मी वाढायची आणि जेवणारे मेले की जगले ते ती बघायची.

कंपनीनं तेव्हा एक मोठं काम काढलं होतं. लोक जखमेवर, गळवावर जो झाडपाला बांधतात त्यानं जंतू खरंच मरतात का, ते तपासायचं. बोरिवलीच्या जंगलातनं, मुलुंडच्या डोंगरातनं, कुठकुठल्या वैद्यांकडनं पोती भरून मुळ्या, साली, पानं यायची. त्यांचा अर्क काढायचा, कधी पाण्यात, कधी स्पिरिटमध्ये. गाळणकागदाच्या टिकल्या त्यात भिजवून वाळवायच्या, जंतू पेरलेल्या प्लेटीवर ठेवायच्या आणि प्लेट उबेच्या कपाटात टाकून घरी जायचं. सकाळी बघावं तर दुधावर साय धरावी तसे सगळ्या प्लेटीवर जंतू धरलेले असायचे. ज्या टिकलीत दम असेल तिच्याभोवती मात्र साफ, मोकळं कडं पडायचं. कडं मोठं, तर औषध जोरदार. कडं नाही, तर रामराम.

एकदा एक वैद्यबुवा तणतणत आले. त्यांच्या मुळीला मथुरेनं शून्य दिलं होतं. "बाई, ही मुळी आमच्या घराण्यात सात पिढ्या चालत आलीय," असं ते टेबल आपटून बोलले. मथुरा म्हणाली, "चालत आली असेल. माझ्या प्लेटीवर येऊन बसली ती." आमचे रामनाथ सर पलीकडे खोकल्याचं नाटक करून हसत होते. सर या सगळ्या कामाचे मुख्य, आणि माणूस झकास. मथुरेचं बोलणं त्यांना आवडायचं, कारण तिचं मोजमाप कधी चुकायचं नाही.

आता तिच्या आईचं सांगते. सोनूबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायला बसायची. आवाज असा खणखणीत की गिऱ्हाईक भाव करायच्या आधीच निम्मं हरायचं. पण वेसाव्यात तिचं नाव होतं ते मासळीसाठी नाही, हातगुणासाठी. कोळणींच्या हाताला काटा लागणं रोजचंच, आणि शिंगाळा माशाचा काटा तर फार वाईट. बोट सुजतं, ठणकतं, पू धरतं. असं झालं की बाई सोनूबाईकडे जायची. सोनूबाई खाडीकाठचा एक पाला आणायची, परसात पाट्यावर वाटायची आणि फडक्यात बांधायची. बोट बरं व्हायचं. मढहून खाडी ओलांडून, तरीत बसून बायका यायच्या तिच्याकडे. पाल्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. उगाच कोणी वाचून बांधायला जाईल, आणि मग माझ्या डोक्याला ताप.

मला हातगुण-बितगुण पटत नाही. आमच्या घरातला देव्हारा छप्पन्न सालीच, आम्ही बौद्ध झालो तेव्हा, खाली उतरला. 'देवीची कृपा' आणि 'देवीचा कोप' हे दोन्ही शब्द ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण बरी झालेली बोटं मी मथुरेच्या घरी स्वतः पाहिली होती, तेव्हा त्या बाबतीत तोंड उघडायला मला जागा नव्हती.

मग हळूहळू काहीतरी बिघडलं. सोनूबाईनं बांधलेलं एखादं बोट चिघळायला लागलं. मग आणखी एक. बायका बाजारात कुजबुजायला लागल्या की सोनूबायचा हात उतरला. सोनूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण टोपली उचलताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे.

आणि मग राधेचं झालं. राधा त्यांच्या शेजारची, तरुण, मासळी सुकवायच्या कामात वाघीण. तिच्या उजव्या हाताच्या बोटात शिंगाळ्याचा काटा गेला. सोनूबाईनं स्वतः पाला बांधला, रोज जाऊन बदलला. बोट आधी लाल झालं, मग काळं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, बोट काढावं लागेल. काढलं. अठ्ठावीस वर्षांच्या बाईचं, कामाच्या हाताचं बोट.

त्या रविवारी मी मथुरेकडे जेवायला गेले होते. राधेचा नवरा काशीराम दारात येऊन उभा राहिला. हा बोटीवरचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य. समुद्रावर ओरडून बोलायची सवय, ती घरातही तशीच. त्यांची बोली मला नीट जमत नाही, जमेल तशी सांगते.

"सोनूबाय," तो म्हणाला, "तुज्या हाताचा गुन गेला. देवीचा कोप हाय तुज्यावर. येत्या जमातीत मी बोलनार. यापुढं कोनाच्या बोटाला शिवायचं नाय."

जमात म्हणजे कोळीवाड्याची बैठक. तिथं एकदा शब्द पडला की बाईचं नाव गेलंच समजा. सोनूबाई चुलीपुढनं उठली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना.

मथुरा हात धुऊन पुढं आली. "काशीरामदादा, राधेचं बोट गेलं, तुझा राग खरा आहे. पण देवीला मधे आणू नको. माझी नोकरीच ती आहे. पाल्यात दम आहे की नाही ते मी तपासते आणि जे निघेल ते जमातीत मीच सांगते. चांगलं निघो नाहीतर वाईट."

"आयच्या विरुद्ध सांगशील?"

"निघालं तर सांगेन."

तेव्हा सोनूबाईला वाचा फुटली. "तपास गं!" ती गरजली. "समद्या वेसाव्याम्होरं तपास. माजा पाला खोटा निगाला तर मी परत कोनाच्या बोटाला हात लावनार नाय. पन खरा निगाला तर ह्यानं माजी माफी मागायची!"

काशीरामनं मान डोलावली. मथुरा परत येऊन जेवायला बसली आणि मला म्हणाली, "आईचा पाला आहे, प्रेमा. कडं पडणार. बघच तू." तिनं आणखी भात वाढून घेतला. इतकी खात्री होती तिला.

रामनाथ सरांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "मथुरा, आईची टिकली कुठली ते तुला कळता कामा नये. नाहीतर डोळे नसलेलं कडं बघतात. प्रेमा नंबर घालेल, तू फक्त मोज." मथुरेला ते लगेच पटलं. मी चार-पाच झाडांचे अर्क घेतले, नुसत्या स्पिरिटची एक टिकली, पेनिसिलिनची एक, आणि मधेच सोनूबाईचा पाला. नंबर चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी ब्लाउजात खोचली. जंतूही नेमका तोच घेतला, जखमेत पू करणारा.

दुसऱ्या दिवशी मथुरा पट्टी लावून मोजत गेली आणि मी लिहीत गेले. तिनं एका टिकलीवर पट्टी ठेवली, काढली आणि सपाट आवाजात म्हणाली, "शून्य. अगदी टिकलीला चिकटून वाढलेत. पुढचा." मी लिहायचं थांबले. ती सोनूबाईची टिकली होती.

"लिही ना गं," मथुरा म्हणाली. मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पट्टी खाली ठेवली.

ती रडली-बिडली नाही. पाल्याचा ताजा रस काढला, वाळवून पाहिला, पाण्यात, स्पिरिटमध्ये, कमी, जास्त. सगळा आठवडा तेच. शून्य म्हणजे शून्य. जंतू त्या पाल्यावर खुशाल लोळत होते.

सर म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाईट वाटायचा प्रश्न नाही, सर. हिशेब लागत नाहीये. मी लहानपणापासून बघितलीत ती बोटं. बरी व्हायची."

"काही जखमा आपोआपही बऱ्या होतात."

"काही होतात. शिंगाळ्याच्या सगळ्याच्या सगळ्या?"

"ते मला सांगता येणार नाही," सरांनी कबूल केलं.

मी तिला सांगून बघितलं, "अगं यार, जमातीला सांग ना, चाचणी अजून चालू आहे. वेळ मारून ने." ती माझ्यावर अशी उखडली की विचारू नका. "त्या वैद्याला मी वेळ मारून नेऊ दिली होती का?" त्या संध्याकाळी घरी जाऊन तिनं आईला सरळ सांगितलं, आये, पाल्यात काही नाही.

सोनूबाईनं हातातली विळी आपटली. "माज्या मासलीवर शिकलीस आनि मलाच खोटी पाडतंस? ती तुजी काचेची बशी खरी, आनि ह्या हातानं बरी केलेली मानसं खोटी?" त्यानंतर तिनं मथुरेशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पण भाकरी ताटात पडायची ती फेकल्यासारखी. जमात जवळ येत चालली होती. माझं काळीज तुटत होतं दोघींसाठी, खोटं कशाला सांगू?

पण मथुरेच्या डोक्यातला किडा गेला नव्हता. ती मला म्हणाली, "पाला तोच आहे. आईही तीच. जंतूही असतील तेच. मग बदललं काय?"

पुढच्या रविवारी तिनं मला बरोबर नेलं आणि आईपुढं जाऊन मांडी घालून बसली. "आये, मला एकदा करून दाखव."

"कशाला? परत शून्य द्यायला?"

"तू आता करतेस तसं नको. मी शाळेत जायची तेव्हा करायचीस तसं दाखव."

सोनूबाईनं तोंड फिरवलं. मग मीच म्हटलं, "दाखवा ना मावशी, मी कधी पहिल्यापासून बघितलं नाही." पाहुणी म्हणून माझा मान राखला तिनं. परसात, मासळी सुकवायच्या बांबूंच्या सावलीत पाटा होता. तिथं ती बसली, पाला ठेवला आणि वरवंटा ओढायला लागली. वाटण कोरडं पडलं. तिचा डावा हात अलगद बाजूला गेला, हवेत ओंजळ झाली, बोटं खाली बुडाली, पण तिथं काहीच नव्हतं. हात तसाच परत आला. मग तिनं हाक मारली, "नलाचं पानी आन गं तांब्याभर."

मथुरा जागची हलली नाही. "आये, हात कुठं घातलास?"

"कुटं? कुटंच नाय."

"परत वाट."

"येडी झालीस काय?"

"वाट तर खरं."

सोनूबाई वाटायला लागली. वाटण पुन्हा सुकलं आणि हात पुन्हा डावीकडं गेला, तसाच, ओंजळ करून. या वेळी तिनं स्वतःही पाहिलं. ती आपल्या हाताकडं बघतच राहिली.

"इथं काय होतं?" मथुरेनं विचारलं.

"इथं... इथं पिंप होतं. जाल्याच्या सालीचं."

मला काही कळेना, तेव्हा मथुरेनं सांगितलं. पूर्वी जाळी सुती असायची. खाऱ्या पाण्यात सूत कुजतं. म्हणून ऐनाची साल उकळून तिचं लालभडक पाणी लाकडी पिंपात भरून ठेवायचे, आणि जाळी त्यात बुडवून वाळवायचे. पिंप बारा महिने परसात, पाट्याच्या डाव्या अंगाला.

"म्हणजे पाला तू त्या पाण्यात वाटायचीस?"

"मग काय गोड्या पान्यात वाटू?" सोनूबाई एकदम चिडली. "गोड्या पान्यासाटी आमी बाया इहिरीवर भांडून मरत होतो. प्यायला पुरत नवतं, पाल्याला कोन घालील? हाताशी होतं ते घालायचं. सालीच्या पान्याला काय तोटा? आता नल आलाय, तर चांगलं साफ पानी घालतंय. उलट आता जास्त चांगलं करतंय मी!"

हे ती अभिमानानं सांगत होती.

"आणि पिंप कधी गेलं, आये?"

"तुज्या तुलशीदासकाकानं नायलॉनची जाली आनली तवा. नायलॉन कुजत नाय, मग साल कशाला? पिंप फोडून चुलीत घातलं." मग ती आठवून म्हणाली, "नल पन त्याच वर्सी आला."

बघा, नळ आला म्हणून कोळीवाड्यात पेढे वाटले होते. नायलॉन आला म्हणून नारळ फोडले होते. दोन्ही चांगल्याच गोष्टी. आणि त्या दोन्हींच्या मधे एक औषध निघून गेलं, कारण ते औषध आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं, लावणाऱ्या बाईलासुद्धा.

तुळशीदासकाकाच्या माळ्यावर ऐनाच्या सालीची एक जुनी मोळी उरली होती. "नायलॉनच्या जमान्यात साल घेऊन फिरता? डोकं ठिकानावर हाय ना?" असं बडबडत त्यानं ती खाली टाकली. आम्ही ती उकळली. पुन्हा टिकल्या, पुन्हा नंबर, पुन्हा चिठ्ठी माझ्याकडे. मथुरेनं सरांकडे एकच मागणी केली, "उद्या मोजायला आई येईल."

सर म्हणाले, "आणा की."

सोनूबाई आली ती पुरी तयारीनं. कडक लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, पायात नवीन चपला. लॅबोरेटरीत पाऊल टाकल्यावर तिनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "शी! मासलीच्या बाजारापेक्षा घान वास हाय तुमच्याकडं." सर इतके हसले की त्यांनी स्वतः तिला स्टूल आणून दिलं.

मथुरेनं प्लेट उजेडात धरली. "आये, तू सांग. साफ कुठं दिसतंय?"

सोनूबाईनं मासळी पारखावी तशी प्लेट पारखली. एका मोठ्या कड्यावर बोट ठेवलं. ते पेनिसिलिन होतं. मग आणखी एक कडं दाखवलं, मग त्याच्याच बरोबरीचं तिसरं. "आनि ह्या बाकीच्यांत काय नाय. घान हाय नुसती."

मी चिठ्ठी उघडून वाचली. दुसरं कडं नुसत्या सालीचं. तिसरं, साल आणि पाला एकत्र वाटलेल्याचं. मथुरेनं दोन्हींवर पट्टी ठेवली. केसभराचा फरक नव्हता.

"आनि नुसता पाला कुटचा?"

मथुरेनं दाखवला. तिथं कडं नव्हतं.

"म्हनजे सालीच्या जोडीला माजा पाला नुसता बसलाय."

"हो, आये. नुसता बसलाय."

सोनूबाई हलक्या आवाजात म्हणाली, "बाया माज्या पाया पडत होत्या गं." मला रडू आवरलं नाही, मी वळून उगाच बाटल्या पुसायला लागले. मथुरा आईच्या शेजारी वाकली आणि म्हणाली, "आये, त्यांची बोटं वाचली, ते खोटं नाही. ती तुझ्याच परसात वाचली. फक्त कशानं, ते आज कळलं."

मग तिनं लगेच पुढचंही सांगितलं, कारण अर्धवट सांगणं तिला माहीतच नव्हतं. साल प्लेटीतले जंतू रोखते, म्हणून प्रत्येक जखमेत रोखेलच असं नाही. त्याची तपासणी मोठी असते, तिला वर्षं लागतात. तोवर काटा लागला की आधी दवाखाना आणि इंजेक्शन. "साल मिळाली म्हणून परत सगळ्यांना बांधत सुटू नको," असं तिनं बजावलं.

सोनूबाई उठली, लुगडं सारखं केलं. "जमातीत तू बोलायचं नाय," ती म्हणाली. "मी बोलनार."

जमात देवळासमोरच्या पटांगणात बसली. पुरुष पुढं, बायका मागं, मी मथुरेच्या शेजारी. काशीराम बोलायला उठणार तोच सोनूबाई बायकांमधून चालत पुढं गेली. तिथं बायका सहसा पुढं जात नसत. कुणीतरी "अगं, अगं" केलं. तिनं लक्ष दिलं नाही.

"काशीरामा, तू बस. पयले माजं ऐक. माज्या पोरीनं पाला तपासला. पाल्यात काय नाय. माज्या हातात पन काय नवतं. जे काय होतं ते जाल्याच्या सालीच्या पान्यात होतं. आमी साल टाकली, नलाचं पानी घेतलं, आनि मी त्याच ऐटीत बांधत राहिले. देवीचा कोप-बिप काय नाय. मी काय घालतंय ते मलाच ठाव नवतं. राधेचं बोट माज्या अडानीपनानं गेलं. आजपासून मी कोनाच्या बोटाला हात लावनार नाय. काटा लागला तर मी दवाखान्यात घेऊन जाईन, अर्ध्या बाजारातनं उठून. पन बांधनार नाय."

काशीरामची तर पंचाईत झाली. तो भांडायची तयारी करून आला होता, आणि भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. तो नुसताच खाली बसला.

मग बायकांतून राधा उठली. हातावर अजून फडकं होतं. "सोनूमावशी, तुजं झालं," ती म्हणाली. "तू तेवडे दिस माज्या उशाशी बसलीस, ते मला ठाव हाय. माजा तुज्यावर राग नाय. मला मथुरेला इचारायचंय."

सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या. मथुरा उभी राहिली.

"मथुरे, तू इतकी वर्सं कंपनीत दुनियेचा पाला तपासतंस. कुटकुटल्या डोंगरातला तपासलास. तुज्या आयचा घरातला पाला का नाय तपासलास? तपासला असतास तर माजं बोट आज असतं."

मथुरेचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, मीच उठून ओरडावं की अगं, तिनंच तर सगळं शोधून काढलं! मी अर्धी उठलेही, पण तिनं माझा दंड दाबून मला खाली बसवलं.

"आईचा होता म्हणून," मथुरा म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "परक्याचा असता तर पहिल्याच महिन्यात तपासला असता. आईचा म्हणून मला शंकाच आली नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे, राधे."

"बरं," राधा म्हणाली आणि खाली बसली. जमात उठली.

मी त्या रात्री मथुरेकडेच राहिले. सकाळी आम्ही दोघी कामावर निघालो तर राधा दारात उभी. एका हातात पोर, आणि त्या फडकं बांधलेल्या हातात मुळीची एक पुरचुंडी.

"माजी सासू पोरांच्या गलवाला ही मुली उगालून लावते," ती म्हणाली. "तिच्या आयपासून चालत आलीय. आज ह्याला लावायला बसली होती, मी हातातनं काडून घेतली. लई शिव्या घालतेय तिकडं, घालू दे. तू तपास पयले. तू सांगशील तवा लावीन, नायतर नाय लावनार."

मथुरेनं पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली. उघडून बघितलीसुद्धा नाही. मला म्हणाली, "प्रेमा, ही बस जाऊ दे, आपण मागच्या बसनं जाऊ." मग उंबऱ्यावरच बसून तिनं राधेला शेजारी बसवलं.

"सासू उगाळते कशात?" तिनं विचारलं. "सहाण कुठली, पाणी कुठलं, हाताशी काय काय असतं, सगळं सांग. नाहीतर असं कर, मला सासूकडंच घेऊन चल."